मुलांच्या बाजूनं – भाग 6 : गृहभेटीत काय पाहायचं?

मागच्या भागात बाल कल्याण समिती पाहिली. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती मुलाचा निर्णय करते, पण मुलाच्या घरी ती जात नाही. घरी जातो जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा सामाजिक कार्यकर्ता. त्यानं काय पाहिलं आणि कागदावर काय उतरवलं, यावर मूल आजीपाशी राहणार की बालगृहात, हे बऱ्याच अंशी ठरतं.

समजा, मनमाड स्थानकावर दहा वर्षांचा मुलगा एकटा सापडला. कुणीतरी 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन केला, चोवीस तासांच्या आत त्याला समितीपुढे नेलं. समितीनं त्याची तात्पुरती सोय बालगृहात केली आणि सामाजिक तपासणीचा आदेश काढला. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं या तपासणीला 15 दिवस दिले आहेत.

गावात शिरतानाच जपावं लागतं. अशा मुलाची ओळख छापायला कायद्यानं बंदी आहे, पण खेड्यात ती फुटायला वर्तमानपत्र लागत नाही. सरकारी पाटीची जीप दारात थांबली की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. म्हणून जाणती कार्यकर्ती एसटीनं जाते आणि आधी शाळा गाठते. हजेरीपटावर मुलगा कधीपासून गैरहजर आहे ते पाहते, मग घराकडे वळते.

अहवालाच्या नमुन्यात कुटुंब, उत्पन्न, व्यसनं, शिक्षण, शेजाऱ्यांचं म्हणणं असे रकाने आहेत. ते अर्ध्या तासातही भरता येतात. आई वारलेली, बाप ऊसतोडीला गेलेला, घरात थकलेली आजी आणि पिणारा काका. इथवरची माहिती शेजारीही देतील. खरा प्रश्न पुढं आहे : मुलगा निघून का गेला? काकाच्या माराला भिऊन, पोटाला मिळत नव्हतं म्हणून, की बापाला शोधायला? घर तेच, माणसं तीच, पण या तीन कारणांचे तीन वेगळे अहवाल होतात. त्यासाठी आजीजवळ बसावं लागतं. काका बाहेर गेल्यावर ती काय सांगते ते ऐकावं लागतं. मुलाशी वेगळं, एकट्यानं बोलावं लागतं, आणि तेच तेच विचारून त्याला शिणवायचं नसतं.

‘घरची परिस्थिती हलाखीची, सबब बालगृहात ठेवणे योग्य’ हे वाक्य मला या सगळ्या कामातलं सर्वांत घातक वाक्य वाटतं. संस्था हा शेवटचा उपाय, असं कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलेलं आहे. केवळ गरिबीपायी मूल कुटुंबापासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांनी 2009 साली स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. आजीला नातू हवा आहे आणि अडचण फक्त पैशाची आहे, तर राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिच्यात महिन्याला 2250 रुपये मिळतात. त्यासाठी आईचा मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक असं सगळं जमवावं लागतं. वाकलेल्या म्हातारीनं त्यासाठी तहसील कचेरीचे खेटे घालायचे का? कार्यकर्तीनं हे दाखले मिळवून दिले, तर तेही मुलाचं संरक्षणच होय.

उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. मारहाणीचे वळ दिसत असतील, तर ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून समजुतीनं मिटवायचं नाही. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला, तरी पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. तिथं घर वाचवायचं नसतं, मूल वाचवायचं असतं.

आता हे करणारी माणसं किती? मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या रचनेत एका जिल्ह्याला दोन सामाजिक कार्यकर्ते. नांदेड आणि यवतमाळ या जिल्ह्यांत सोळा-सोळा तालुके आहेत. पद कंत्राटी, केंद्रानं ठरवलेलं मानधन महिन्याला 18,536 रुपये. मूल घरी परतल्यावर पुन्हा पुन्हा जाऊन पाहायचं असतं : शाळा सुरू आहे ना, अनुदान खात्यावर आलं का, काकाचा हात परत उठला का. कंत्राट संपून माणूस बदलला की हा धागा तुटतो आणि मुलाला आपली कहाणी नव्या माणसापुढे पहिल्यापासून सांगावी लागते. ज्यांच्या शब्दावर मुलाचं घर ठरतं, त्यांना कायम नेमणूक देणं शासनाला टाळता येणार नाही.

पुढील आठवड्यात : नात्यातलं कुणीच पुढं येत नाही तेव्हा, प्रतिपालकत्व.