सर्व्हिसिंगच्या गोष्टी: ऐकीव काय, खरं काय

कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणारा दिल्लीतला कस्तुरबा गांधी मार्ग मराठी माणसाला माहीत असतो तो नव्या महाराष्ट्र सदनामुळे. याच रस्त्यावरच्या हिंदुस्तान टाइम्स हाउसमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाचं कार्यालय अनेक वर्षं होतं. आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी दिलेला एक आदेश गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी संबंधित आहे. तो गाडीमालकांपर्यंत नीट पोहोचलाच नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

‘बाहेरच्या गॅरेजात हात लावू दिलात तर वॉरंटी संपली’ हे वाक्य नवी गाडी घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाने ऐकलेलं असतं. गाडीच्या देखभालीतला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. वर्ष 2011 मध्ये एका ग्राहकाने आयोगाकडे तक्रार केली, ती मुळात तीन कार कंपन्यांविरुद्ध होती. चौकशीचा व्याप वाढत गेला आणि अखेर 14 कंपन्या दोषी ठरल्या. आयोगाला असं दिसलं, की या कंपन्या सुटे भाग आपल्या अधिकृत विक्रेत्यांच्या बाहेर सहजी जाऊ देत नव्हत्या. ज्या कारखान्यांकडून त्या स्वतः भाग विकत घेत, त्यांनाही ते खुल्या बाजारात विकायला आडकाठी होती. दुरुस्तीची तांत्रिक पुस्तकं आणि गाडीला जोडून बिघाड शोधायची यंत्रं स्वतंत्र मेकॅनिकला मिळत नव्हती. गाडी एकदा घेतली की ग्राहक त्या कंपनीशी बांधला जातो आणि भागांची किंमत कंपनी ठरवेल ती, असं आयोगाचं म्हणणं होतं. एकूण दंड 2,544.65 कोटी रुपयांचा झाला. त्यातले 1,346.46 कोटी एकट्या टाटा मोटर्सला आणि 292.25 कोटी महिंद्राला.

वॉरंटीबद्दल आदेशातली सूचना स्पष्ट होती. ग्राहकाने स्वतंत्र मेकॅनिककडून काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झालं असेल, तर त्या नुकसानापुरती वॉरंटी नाकारता येईल. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात टायर बदलले म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जायला नको. अमेरिकेत 1975 पासून याच तत्त्वाचा कायदा आहे.

कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिलं आणि न्यायालयीन लढाई लांबत गेली. त्यामुळे आदेशाची प्रत काउंटरवर ठेवून तुमचं काम लगेच होईल, असं मी म्हणणार नाही. माझा सल्ला मधला आहे. वॉरंटीच्या काळातली वेळापत्रकातली सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात करा. सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसला मजुरी लागत नाही आणि नोंदही पक्की राहते. टायर, बॅटरी, वायपर, बल्ब यांसाठी मात्र भीती बाळगायचं कारण नाही. वॉरंटी संपल्यावर चांगला ओळखीचा मेकॅनिक असेल तर गाडी निर्धास्तपणे त्याच्याकडे न्या. फक्त पक्कं बिल घ्या आणि त्यावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि भागाचं नाव असू द्या. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. तिथे कंपनीनिहाय दुरुस्तीची आणि वॉरंटीची माहिती पाहता येते.

आता इंजिन ऑइल. दिल्लीतल्या सरकारी वसाहतीत राहणारा, गोल मार्केटहून सेंट्रल सेक्रेटेरिएटला गाडीने जाणारा माणूस म्हणतो, ‘वर्षात चार हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत, मग ऑइल कशाला बदलायचं?’ बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. त्यातलं ‘एक वर्ष’ आपण सोयीने विसरतो. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही. ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. लांब प्रवासात ऑइल तापून ते उडून जातं, छोट्या फेऱ्यांत ते तिथेच साचतं. म्हणून कमी चाललेल्या गाडीचं ऑइल ताजं असतं हा हिशेब चुकीचा आहे. सतत धूळ, सिग्नलवरचा खोळंबा आणि छोट्या फेऱ्या या वापराला पुस्तिकेत कठीण परिस्थिती म्हटलेलं असतं आणि तिथे मुदत आणखी कमी दिलेली असते. दिल्लीतला रोजचा वापर त्यात चपखल बसतो. पुण्या-मुंबईतलाही बसतो.

याच्या उलट टोकाचा समजही आहे, की दर 5,000 किलोमीटरला ऑइल बदललंच पाहिजे. जुन्या गाड्यांसाठी आणि जुन्या ऑइलसाठी ते बरोबर होतं. आज पुस्तिका 10,000 म्हणत असेल आणि तुमचा वापर साधा असेल, तर अर्ध्यावर ऑइल ओतून देणं म्हणजे पैसे ओतून देणं. ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, हेही खरं नाही. काजळी पकडून ठेवणं हे ऑइलमधल्या रसायनांचं कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं दिसू लागतं. रंगापेक्षा पातळी बघा. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणंही वाईट, कारण ऑइल फेसाळतं आणि वंगण नीट होत नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात ‘जाड’ ऑइल घाला असं कुणी सुचवलं तर पुस्तिकेतला आकडा दाखवा. 0डब्ल्यू-20 सांगितलेल्या इंजिनातल्या फटी तेवढ्याच पातळ ऑइलसाठी बनवलेल्या असतात.

हिवाळ्यात दिल्लीचं तापमान चार-पाच अंशांवर येतं आणि सकाळी सोसायटीत दहा-पंधरा मिनिटं जागीच गुरगुरणाऱ्या गाड्या दिसतात. ही सवय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी थंडीत चोक ओढल्याशिवाय धड चालायची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 च्या आदेशाने राजधानीच्या परिसरात नव्या गाड्यांना युरो मानकं लागू झाली आणि कार्ब्युरेटर मागे पडत गेला. आज पेट्रोल किती सोडायचं ते संगणक तापमान बघून ठरवतो. अर्धा मिनिट थांबा, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. इंजिन, गिअरबॉक्स, टायर सगळं एकत्र तापतं. जागेवर उभ्या गाडीत फक्त पेट्रोल जळतं आणि दिल्लीच्या हवेत धुराची भर पडते.

टायरच्या बाबतीत मात्र गैरसमज जिवावर बेततात. ‘उन्हाळ्यात टायर फुटतात, म्हणून हवा कमी ठेवा’ हा सल्ला दिल्लीपासून नागपूरपर्यंत मिळतो, आणि तो उलटा आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि परत फुगतो. त्या वाकण्यातून आतल्या थरांत उष्णता साठत जाते आणि वेगात टायर फाटतो. यमुना एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्ग हे दोन्ही काँक्रीटचे, सरळ आणि वेगवान रस्ते. तिथे कमी हवेचा, झिजलेला टायर घेऊन जाणं हा सरळ धोका आहे. दाब किती हवा ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या तक्त्यात लिहिलेलं असतं. माणसं आणि सामान भरलं तर किती, हेही तिथेच असतं. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा. तो वाचून हवा भरू नका.

दाब थंड टायरचा मोजायचा, म्हणजे सकाळी निघताना किंवा जवळच्या पंपावर. मे महिन्यात 44 अंशांत 33 भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे, काहीही गळती नसतानाही, सहाएक आकड्यांनी उतरते. त्यामुळे ऋतू बदलला की हवा तपासायलाच हवी, एरवी महिन्यातून एकदा. स्टेपनी विसरू नका. नायट्रोजन भरल्यावर हे करावं लागत नाही, असं टायरवाला सांगतो. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनमध्ये ओलावा नसतो आणि गळती थोडी हळू होते, एवढाच फायदा. पण तापमानाने त्याचाही दाब तितकाच बदलतो. पेट्रोल पंपावरची मोफत हवा रोजच्या वापराला पुरेशी आहे. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की खोली 1.6 मिलिमीटर उरली आणि टायर बदलायची वेळ झाली. टायरचं वयही अंगावरच असतं. गोलसर चौकटीत ‘2321’ असेल तर तो 2021 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. सेकंड हँड गाडी घेताना हे चार आकडे जरूर वाचा.

बॅटरी थंडीत मरते असं वाटतं, कारण गाडी जानेवारीत सुरू होत नाही. तिचं खरं नुकसान मे-जूनच्या उष्णतेने केलेलं असतं, थंडी ते फक्त उघड करते. आठवडाभर उभी गाडी पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवून बॅटरी भरत नाही. स्टार्टरने खर्च केलेली वीजही त्यात धड परत येत नाही. अर्धा तास फिरवून आणा.

कूलंटच्या जागी नळाचं पाणी, ‘इथे कुठे बर्फ पडतो’ म्हणून, ही चूक फार सर्रास होते. कूलंट गोठणं टाळतो, तसाच उकळण्याचा बिंदू वाढवतो आणि आतला धातू गंजू देत नाही. दिल्लीच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतात. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरावा लागतो, हेही चूक. ती बंद यंत्रणा आहे. गॅस कमी झाला तर गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तेच बिल. ब्रेक ऑइल मात्र लोक कधीच बदलत नाहीत. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 चा उकळबिंदू नव्याने किमान 230 अंश असतो, तर ओलावा शिरल्यावर किमान 155 अंश. मसुरीच्या उतारावर किंवा माळशेज घाटात सतत ब्रेक दाबून हे ऑइल उकळलं, की पेडल पोकळ लागतं. पुस्तिकेत मुदत दिलेली असते, बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. ती पाळाच.

सध्या सगळ्यात जास्त चर्चा इथेनॉलची. महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकांचं हित त्यात आहे, म्हणून आपल्याकडे दोन्ही बाजूंनी टोकाचं बोललं जातं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं घटणं अपरिहार्य आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के घटीचा अंदाज दिला होता. वीस टक्के मिश्रणाने इंजिन बंद पडतं, हे खरं नाही. काहीच फरक पडत नाही, हेही नाही. एप्रिल 2023 च्या आधीची गाडी असेल तर सर्व्हिसिंगला रबरी इंधन नळ्या आणि गॅस्केट मुद्दाम तपासून घ्या, आणि टाकीत तेच पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका.

पीयूसी मिळालं म्हणजे इंजिन ठणठणीत, असंही अनेकांना वाटतं. पेट्रोल गाडीत त्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलमध्ये धुराची घनता. नायट्रोजन ऑक्साइड आणि सूक्ष्म कण त्यात मोजलेच जात नाहीत. प्रमाणपत्र कायद्यासाठी हवंच, कारण ते नसेल तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण महाराष्ट्रातून डिझेल गाडी घेऊन दिल्लीत येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की हवा बिघडून प्रदूषण रोखण्याच्या आराखड्यातले (ग्रॅप) तिसऱ्या टप्प्याचे निर्बंध लागले, तर बीएस-4 डिझेल आणि बीएस-3 पेट्रोल चारचाकींना वैध पीयूसी असूनही दिल्लीच्या रस्त्यावर बंदी असते. निघण्याआधी चौकशी करा.

पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरमध्ये जाल, तेव्हा ग्लव्ह बॉक्समधली पुस्तिका सोबत आत न्या आणि एस्टिमेट त्यातल्या तक्त्याशी ताडून बघा. इंजिन फ्लश, ऑइल ट्रीटमेंट, अंडरबॉडी कोटिंग, इंजिन ड्रेसिंग यांपैकी जे तक्त्यात नाही, ते का हवं ते विचारा. उत्तर पटलं नाही तर सही करण्याआधी ते खोडायला सांगा आणि बदललेले जुने भाग परत मागून घ्या.