घराचा व्यवहार रेंगाळतोय? तारीख सांभाळा

नांदेड वा लातूर शहरात जुने घर विकत घेणाऱ्यास एक वाक्य वारंवार ऐकावे लागते : 'पुढच्या महिन्यात रजिस्ट्री करून टाकू'. इसार दिलेला असतो, कर्ज मंजूर झालेले असते. पण तो महिना काही उजाडत नाही. संबंध बिघडू नयेत म्हणून खरेदीदार गप्प बसतो. कायद्याच्या दृष्टीने हे गप्प बसणेच त्याला महागात पडू शकते.

विलंबाची कारणे

प्रत्येक विलंबामागे वाईट हेतू असतोच असे नाही. अनेकदा वडिलांच्या नावावरील घराची वारसनोंद झालेली नसते. एक भाऊ पुण्यात, तर दुसरा हैदराबादेत असतो. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचाही जन्मतः समान हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे अशा घराच्या बाबतीत बहिणींची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र आवश्यक ठरते. प्लॉट गुंठेवारीतील असल्यास २००१ च्या कायद्याखाली तो नियमित झाला आहे का, हे पाहावे लागते. म्हणून सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, तसेच त्यावरील बोजा, इसार देण्यापूर्वीच तपासावा.

साठेखत कसे असावे?

साध्या इसारपावतीवर न थांबता नोंदणीकृत साठेखत करावे. त्यात खरेदीखताची निश्चित तारीख, मालकाने आणावयाची कागदपत्रे आणि त्यांची मुदत नमूद असावी. रकमेचे हप्ते या कागदपत्रांच्या पूर्ततेशी जोडावेत. विलंब झाल्यास द्यावयाची भरपाई आणि इसार परत करण्याची अटही लिहून घ्यावी. केवळ साठेखताने मालकी मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मुदत उलटल्यावर

ठरलेली तारीख टळताच नोंदणी सुविधेसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. उरलेली रक्कम तयार असल्याचे कळवून दुय्यम निबंधक कार्यालयात येण्यासाठी दिवस व वेळ द्यावी. त्या दिवशी स्वतः हजर राहावे आणि त्याचा पुरावा ठेवावा. कर्जमंजुरीचे पत्र व बँकेचे खातेउतारे जपून ठेवावेत. मुदतवाढ द्यायची असल्यास तीही लेखी व तारखेसह असावी. एवढे करूनही हालचाल न झाल्यास वकिलामार्फत नोटीस द्यावी.

हा खटाटोप कशासाठी, हे मदुराईतील घराच्या एका दाव्यावरून कळते. सौदा ६० हजारांचा, इसार ५ हजारांचा आणि मुदत सहा महिन्यांची होती. खरेदीदार अडीच वर्षे गप्प राहिला. तोवर किमती बऱ्याच वाढल्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला खरेदीखत करून देण्यास नकार दिला. २०१८ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांतील न्यायालयाचा स्वेच्छाधिकार मर्यादित झाला असला, तरी आपण व्यवहारास सदैव तयार होतो, हे खरेदीदाराला आजही सिद्ध करावेच लागते.

दाव्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांची आहे. तारीख ठरलेली नसल्यास मालकाचा नकार कळल्यापासून ती मोजली जाते. दावा दाखल केल्यावर त्याची सूचनाही महाराष्ट्रात नोंदवावी लागते. अन्यथा मध्येच घर घेणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीवर दाव्याचे बंधन राहत नाही.

घर नकोच असल्यास इसार परत मागता येतो. खरेदीदाराने स्वतःहून विनाकारण माघार घेतलेली नसेल, तर दिलेल्या रकमेपुरता त्याचा त्या मालमत्तेवर बोजा राहतो. मालक ओळखीचा असला, तरी पत्र पाठविण्यात संकोच बाळगू नये. ज्याची अडचण खरी असते, तो पत्राला उत्तर देतो.