काडतुसांचे घरगुती पुनर्भरण : अमेरिकेत छंद, भारतात परवान्याविना गुन्हा

बंदुकीचा चाप ओढला की गोळी निघून जाते, दारू जळून संपते आणि तिला पेटवणारा प्रायमर निकामी होतो. मागे उरते ती रिकामी पितळी पुंगळी. काडतुसाच्या या चार घटकांपैकी पुंगळी हा बहुधा सर्वांत महाग घटक असतो आणि तो पुन्हा वापरता येतो. याच साध्या हिशेबावर अमेरिकेतील एक जुना छंद उभा आहे. नेमबाज व शिकारी घराच्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात लहानसे यंत्र बसवून आपली काडतुसे पुन्हा भरतात. खर्चात बचत होते, आपल्या रायफलीला नेमके जुळणारे काडतूस मिळते आणि २०२०-२१ सारख्या तुटवड्याच्या काळात बाजारावर पूर्णतः अवलंबून राहावे लागत नाही.

या कामाचे केंद्र म्हणजे हातदांड्याचे दाबयंत्र, अर्थात प्रेस. जाड बिडाची चौकट, तिच्यातून वर-खाली सरकणारा दट्ट्या आणि वरच्या बाजूस आटे पाडून बसवलेला डाय, अशी त्याची रचना असते. डायच्या आट्यांचे माप, म्हणजे पाऊण इंचाहून थोडा अधिक, ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे, हे बहुतेक उत्पादकांनी प्रमाण मानले आहे. त्यामुळे एका कंपनीचा डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसवर चालतो. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे सुरू झालेल्या आरसीबीएससारख्या कंपन्यांनी हे यंत्र सामान्य घरांपर्यंत पोहोचवले.

गोळी सुटताना दाबामुळे पुंगळी फुगते. डाय तिला मूळ मापावर आणतो आणि त्यातील बारीक सुई जुना प्रायमर बाहेर ढकलते. त्यानंतर नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि शेवटी गोळी असा क्रम असतो. प्रायमर सहज निघण्यामागे इतिहासाचा एक विनोदही दडलेला आहे. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत पुंगळीच्या तळाला मध्यभागी एकच छिद्र असते, म्हणून सुई सरळ आत जाते. अमेरिकी हायरम बर्डन यांच्या रचनेत छिद्रे मध्यापासून बाजूला असल्याने हे काम अवघड होते. अमेरिकेने ब्रिटिश पद्धत स्वीकारली, तर युरोपच्या मोठ्या भागात अमेरिकी पद्धत रुजली.

प्रत्येक काडतूस मात्र पुन्हा भरता येत नाही. .२२ रिमफायर काडतुसात पेटणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच असते आणि बंदुकीची सुई ती कड ठेचते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकले, त्या प्रकारात हीच एकदाच वापरायची काडतुसे लागतात.

यंत्राला काय कळत नाही

हौशी कारागीर यंत्रासाठी भक्कम टेबल, पुंगळ्या उभ्या ठेवण्याच्या लाकडी पट्ट्या, दांड्याची मूठ अशा वस्तू घरी बनवतात. डाय मात्र विकतच आणले जातात, कारण तेथे मापातील अत्यल्प चूकही चालत नाही. निगा राखण्याची कामे साधी, पण नित्याची असतात. जुन्या प्रायमरची राख दट्ट्याची झीज करते, म्हणून ती पुसून तेलाचा हलका थर द्यावा लागतो. वंगण न लावता पुंगळी पोलादी डायमध्ये दाबली, तर ती तेथेच अडकते. प्रायमरच्या राखेत शिसे असल्याने काम संपल्यावर हात धुणे हाही निगेचाच भाग मानला जातो.

तथापि खरा धोका झिजलेल्या भागांत नसून मोजमापात आहे. दारू ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. पिस्तुलाच्या पुंगळीत लागणारी दारू इतकी थोडी असते की चुकून दोनदा ओतली तरी ती आत मावते. असे काडतूस बाहेरून इतरांसारखेच दिसते, पण उडवताच बंदूक हातात फुटू शकते. उलट दारू राहूनच गेली, तर गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार घातक ठरतो. दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस देणाऱ्या जलद यंत्रांत ही चूक नजरेआड राहण्याची शक्यता वाढते.

पुण्याजवळच्या खडकी येथील, १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणी तयार मालाची चाचणी होते. घरगुती टेबलावर दाब मोजण्याची सोय सहसा नसते. म्हणूनच अनुभवी लोक प्रकाशित कोष्टकांबाहेर जात नाहीत, ठरावीक वजनाने तराजू तपासतात, टेबलावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवतात आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहतात.

कायद्याची सीमा

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास परवाना लागत नाही. विक्रीसाठी उत्पादन करणाऱ्यास तो लागतो. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. साठवणुकीबाबत तेथील अग्निसुरक्षा मानकानुसार घरात मूळ डब्यांतील २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो धूरविरहित दारू आणि १० हजार प्रायमर विशेष व्यवस्थेविना ठेवता येतात.

भारतात परिस्थिती सर्वस्वी भिन्न आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या व्याख्येत ‘दारूगोळा’ या शब्दात त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही समाविष्ट आहे. कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळ्याचे उत्पादन करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान ७ वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. परवानाधारक बंदूक बाळगणाऱ्यास या परवान्यामुळे काडतुसे बनवण्याचा अधिकार मिळत नाही. दारूगोळा देशात आणण्यासाठीही कलम १० अन्वये स्वतंत्र परवाना आवश्यक आहे.

अमेरिकेत स्थायिक असलेल्या आणि तेथे या छंदाची गोडी लागलेल्या भारतीयांनी मायदेशी परतताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते. तेथील दुकानात हत्यारांच्या खणात मिळणारे यंत्र भारतीय कायद्याच्या दृष्टीने केवळ अवजार राहत नाही. सामानात त्याचा समावेश करण्यापूर्वी संबंधित परवान्याची खातरजमा करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.