कडी दाराला, घोर जिवाला

वसमतकडच्या कुरुंदा गावातल्या जुन्या पिढीच्या भीतीला चेहरा होता. 1947-48 मध्ये वसमतचा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात. रझाकारांची धाड येईल या धास्तीने मराठवाड्यातली कित्येक कुटुंबे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. भ्यायचे कुणाला, हे पक्के ठाऊक होते. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला आणि त्या भीतीला शेवटची तारीख मिळाली. एरवी गावाची रात्र जागल्याच्या हवाली असे. त्याच्या झोपेचे काय, हे मात्र कोणी विचारले नाही.

शहरातल्या भीतीला अशी तारीख सहसा मिळत नाही. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात पुण्यात दहा खून झाले. विजयनगर कॉलनीतले जोशी कुटुंब, मग महिन्याभरातच भांडारकर रस्त्यावरचे संस्कृतपंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर आणि त्यांच्या घरातली माणसे. दिवेलागणीला रस्ते ओस पडू लागले. बेल वाजली की घर गप्प व्हायचे. त्यातच आणीबाणी, छापील बातमीवर विश्वास उरला नव्हता, त्यामुळे कुजबुजीचे फावले. आणि मारेकरी निघाले कोण? टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. पहिला बळी तर त्यांच्याच ओळखीतला मुलगा होता. सारे शहर परक्या माणसाच्या वाटेवर डोळे लावून बसले होते. धोका वर्गातल्या बाकावर होता. मारेकऱ्यांपैकी चौघांना 1983 मध्ये येरवड्यात फाशी झाली. पण अनोळखी माणसाला दार न उघडण्याची सवय त्यानंतरही अनेक घरांत राहिली.

ही सवय नुसती सावधगिरी नसते. लंडनमधल्या सरकारी नोकरांवरच्या दीर्घकालीन अभ्यासातून 2007 मध्ये पुढे आले की, गुन्ह्याची भीती जास्त बाळगणाऱ्यांत नैराश्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होती. ही माणसे व्यायाम कमी करत, मित्रांना कमी भेटत. मला यातला मित्रांचा मुद्दा सर्वांत मोठा वाटतो. संध्याकाळचा पार, ओट्यावरच्या गप्पा, शेजारणीकडची फेरी सुटली की मन एकटे पडते, आणि एकट्या मनात भीती दुणावते.

पुढे ही भीती मोबाइलवर आली. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा 2018 मध्ये गावोगाव फिरल्या. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे होते. भटक्यांच्या पालांत त्यानंतर कोणती भीती शिरली असेल, याची चर्चा आपण फारशी केलीच नाही. आपल्याकडे भीती मोजतात ती पक्क्या घरातल्यांची.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा घालायला घेतली. पण गल्लीच्या ग्रुपवर कोण्या फेरीवाल्याचा फोटो आणि खाली ‘सावध राहा’ हे चालूच आहे. तो पुढे पाठवण्याआधी पोलीस ठाण्यात एक फोन करून विचारावे. कुरुंद्यात तर ठाणे गावातच आहे.

आणि घरात कोणी रात्री पुन्हा पुन्हा कडी तपासायला उठत असेल, छातीत धडधडते म्हणत असेल, तर त्याला भित्रा म्हणून हसू नका. 14416 लावून द्या. टेलि-मानसची ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.