रोहिणखेडच्या रणाचे आख्यान

तिळगूळ हातावर ठेवताना आपण गोड बोलण्याची विनवणी करतो आणि दुसऱ्याच दिवशी, कोणाचे काही वाईट झाले की, ‘त्याच्यावर संक्रांत आली’ असेही म्हणतो. एकच पर्व मंगलाचे आणि अरिष्टाचेही कसे झाले, याचे उत्तर आम्ही तीस वर्षे कीर्तनातून देत आलो. पानपतावर मराठ्यांचा संहार झाला तो दिवस संक्रांतीचा, म्हणून! एवढ्यावर न थांबता, संक्रांतीच्या पहाटे लेकाच्या हातावर तिळगूळ ठेवून त्याला रणांगणी धाडणारी एक माताही आम्ही उत्तररंगात उभी केली होती. त्या प्रसंगी मंडपातले डोळे ओलावत आणि आम्हांस कृतकृत्य वाटे.

ते विधान चुकीचे होते आणि ती माता आमच्या पदरची होती. हे आरंभीच कबूल करतो, कारण पुढील सर्व हकीकत या चुकीच्या पोटी जन्मली आहे.

काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे येथून कीर्तनाचे निमंत्रण आले. पैठणहून निघावे, जालना, देऊळगावराजा, चिखली मागे टाकून बुलढाण्यास पोचावे आणि तेथून राजूरच्या घाटाने मोताळ्याकडे उतरावे, असा तो प्रवास. या जिल्ह्यात माणसाचा मुलूख सांगण्याची रीतच ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ अशी आहे. धामणगाव घाटाखालचे. पाठीशी अजिंठ्याची डोंगररांग, पुढे काळी कसदार जमीन, तुरी काढणीला आलेल्या. आख्यान अर्थातच पानपताचे लावले. मंडळ तरुणांचे होते. शौर्याची आठवण गावात जागी राहावी, ही त्यांची इच्छा प्रामाणिक होती.

आरती झाली, बुक्का लावून लोक पांगू लागले, तेव्हा एक निवृत्त गुरुजी जुने पंचांग काखोटीस मारून पुढे आले. अत्यंत नम्रपणे म्हणाले, “शास्त्रीबुवा, स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. त्या दिवशी संक्रांत होती, असे त्यांच्या चरित्रांत येते. मग त्याच्या शंभर वर्षे आधी ती १४ तारखेस कशी यावी?”

आम्ही निरुत्तर झालो. ज्याने आयुष्यभर अयनचलन शिकविले, त्यास हे सुचू नये! सूर्याचे निरयन मकरसंक्रमण इंग्रजी तारखांच्या हिशेबाने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १७६१ साली ते दहा जानेवारीच्या आसपास होऊन गेले होते. लढाई झाली १४ जानेवारीस, बुधवारी. शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी. बुधवारची शुद्ध अष्टमी म्हणजे बुधाष्टमी आणि पौषातील अष्टमी म्हणजे शाकंभरी नवरात्राचा पहिला दिवस. अन्नपूर्णेचेच रूप असलेल्या त्या देवीच्या उत्सवारंभी मराठ्यांचे उपाशी सैन्य लढावयास बाहेर पडले होते. सत्य आमच्या कल्पनेपेक्षा अधिक दारुण होते; आम्ही ते सोडून तिळगूळ वाटीत बसलो होतो.

गुरुजींच्या मागे एक वृद्ध शेतकरी उभे होते. त्यांचा प्रश्न वेगळाच निघाला. “बुवा, पानपत लय दूर राह्यलं. आमच्या रोयनखेडच्या रनात कोन मेलं, थे सांगा ना.”

रोहिणखेड हे त्याच मोताळा तालुक्यातले, घाटाच्या पायथ्याशी वसलेले गाव. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेथे गेलो. १५८२ साली खुदावंदखानाने बांधलेली लहानशी पण देखणी मशीद तेथे आहे. ती पाहिली, भोवतीच्या शिवारावरून नजर फिरविली आणि परत आल्यावर तवारिखा व गॅझेटियर घेऊन बसलो. या एका गावाच्या शिवाराने दोन मोठी युद्धे पाहिली आहेत.

पहिले १४३७ चे. खानदेशच्या नासिरखान फारुकीची कन्या बहामनी सुलतान अल्लाउद्दीन यास दिलेली होती. सुलतानाने कोकणातील संगमेश्वरच्या राजाची कन्या केली आणि पहिलीची उपेक्षा मांडली. लेकीची गाऱ्हाणी बापाच्या कानी गेली. त्याने वऱ्हाडावर स्वारी केली. दौलताबादेचा सुभेदार खलफ हसन बसरी याने त्यास रोहिणखेडास गाठून मोडले, बुऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग केला आणि ते शहर लुटले. बुऱ्हाणपूर वसविले होते ते याच नासिरखानाने. त्याच वर्षी तो मरण पावला.

दुसरे युद्ध १५९०-९१ चे. अहमदनगरच्या निजामशाहीत एका गटाने इस्माईल नावाच्या पोरवयाच्या राजपुत्रास तख्तावर बसविले होते. सूत्रे जमालखान या सरदाराच्या हाती. इस्माईलचा बाप बुऱ्हाण हयात होता, परंतु अकबराच्या आश्रयास गेलेला. तो परतला, खानदेशच्या राजा अलीखानाची कुमक घेऊन वऱ्हाडात शिरला. रोहिणखेडास गाठ पडली. जमालखान रणात पडला आणि मुलगा बापाच्या हाती कैद झाला. बुऱ्हाणाने चार वर्षे राज्य केले. त्याच्या मृत्यूनंतर अहमदनगरचा कोट लढविला तो त्याच्याच बहिणीने, चांदबिबीने. आणि १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांस द्यावे लागले. धामणगावच्या काळ्या मातीचा धनी बदलला तो असा.

एक रण लेकीपायी, एक लेकापायी! पुराणांत सुद्धा युद्धे बहुधा घरातच सुरू होतात. कीर्तनकारास यापेक्षा आयती सामग्री कोणती हवी?

परंतु शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर या ग्रंथांत नव्हते. तवारिखांत सुलतान आहेत, सरदार आहेत; ज्यांची शेते घोड्यांच्या टापांखाली गेली आणि जे शिपाई त्या बांधांवर पडले, त्यांचे एकही नाव आम्हांस सापडले नाही.

पुढील वर्षी मंडळाने पुन्हा बोलावले, या वेळी रोहिणखेडच्याच आख्यानासाठी. आदल्या दिवशी दोघे तरुण आमच्या उताऱ्यावर आले. म्हणाले, “बुवा, आपल्या गावचा एक वीर त्यात घाला. नाव आम्ही सुचवतो. लोक उचलून धरतील, वर्गणीही वाढेल.” त्यांच्या मनात कपट नव्हते. आमच्या मनात मात्र ती तिळगुळाची माता उभी राहिली. कीर्तनात आज घातलेले नाव उद्या मंडळाच्या फलकावर येते, परवा पाठ्यपुस्तकाबाहेरचा इतिहास होते आणि चौथ्या दिवशी त्या नावावरून दोन आळ्यांत भांडण लागते. आम्ही नाही म्हटले. पोरे हिरमुसली. मानधनाचे पाकीट घ्यावे की न घ्यावे, असेही एकदा मनात येऊन गेले.

रणाचे स्मरण गावे कशी करतात, हे आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. प्रतापगडी मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस शिवप्रतापदिन होतो. तेथे तिथीही पक्की आणि भवानीचे देऊळही शेजारी. आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चिखल तुडवीत तरुण चालत जातात; बाजीप्रभूंची आठवण त्यांच्या पायांच्या फोडांत राहते आणि आम्हांस सर्व स्मरणांत तीच पद्धत अधिक आवडते. पानिपतास काला अंबपाशी १४ जानेवारीस जमणारे लोक तेथील माती कपाळी लावतात. तेथे जयघोषापेक्षा मौन शोभते. आणि वडगाव मावळास तर जेम्स स्टुअर्ट या इंग्रज कप्तानाचे थडगे आहे. तो ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ मराठ्यांशी लढताना पडला. मराठ्यांनीच त्याच्या धाडसावर खूष होऊन त्यास ‘इष्टूर फाकडा’ म्हटले आणि लोक त्याच्या थडग्यापुढे नवस बोलू लागले. शत्रूला असा मान देणारी गावे आमच्या पाहण्यात फार नाहीत.

रोहिणखेडास यांतले काय लागू पडावे? तेथे ‘आपला’ पक्षच नाही. दोन्हीकडे परके धनी, मध्ये गाव. म्हणून पूर्वरंगास आम्ही रामायणातील रावणवधानंतरचा प्रसंग घेतला. बिभीषण भावाच्या अंत्यविधीस कचरतो तेव्हा श्रीराम त्यास समजावितात की वैर मृत्यूबरोबर सरले. आता हा जसा तुझा तसाच माझाही. याचा संस्कार कर. उत्तररंगात नासिरखानाची लेक आली, कैद झालेला इस्माईल आला. नंतर आम्ही झांज खाली ठेविली आणि सरळ सांगितले, “श्रोतेहो, या रणात पडलेल्या सामान्य माणसांची नावे आमच्यापाशी नाहीत. खोटी घालणार नाही.”

मंडपात क्षणभर कोणी हलले नाही. पुढल्या रांगेत कोणी रडलेही नाही. त्या दृष्टीने कीर्तन पडलेच म्हणावयाचे. वीर सुचविणाऱ्या पोरांपैकी एकजण तर मध्येच उठून गेला.

आरतीच्या वेळी ते वृद्ध शेतकरी पुढे आले. ताटात एकच निरांजन होते, त्यांनी घरून आणलेली दुसरी पणती त्याशेजारी लावली. “नाव नसंल तं नसंल,” एवढेच म्हणाले आणि आमच्या हातावर तिळगूळ ठेविला. मागून मघाशी उठून गेलेला तो तरुण आला. त्याच्या हातात तेलाची बुधली होती. पणतीत तेल कमी दिसले म्हणून तो घरी गेला होता.