०.०३ मिलिमीटरचा खडक

हिऱ्याच्या करवतीवर खडकाची चकती कापायची, ती इपॉक्सीने काचपट्टीला चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या ओल्या भुकटीवर घासत राहायचं. जाडी ०.०३ मिलिमीटरवर आली की थांबायचं. ती ओळखायची रंगावरून: काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमध्ये क्वार्ट्‌झ पिवळा दिसला तर अजून घासायचा, राखाडी दिसला की पुरे. हात जरा जास्त चालला, तर खडक काचेवरून साफ नाहीसा होतो. यालाच थिन सेक्शन म्हणतात. १८४९ च्या सुमारास शेफील्डच्या हेन्री सॉर्बीने हा उद्योग आरंभला, तेव्हा डोंगर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या या माणसाची थट्टाच झाली.

भ्रंशांच्या, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगांच्या, अभ्यासात मात्र याच चकतीने मोठ्यांचीही समजूत बदलली. १८८५ मध्ये चार्ल्स लॅपवर्थने स्कॉटलंडच्या मोइन भ्रंशावरच्या बारीक पट्टेदार खडकाला मायलोनाइट म्हटलं. जात्यात दाणे दळले जावेत तसा तो भरडला गेला, असा त्याचा अर्थ. पुढच्या अभ्यासकांना चकतीत वेगळंच दिसलं. क्वार्ट्‌झचे कण फुटलेले नव्हते. ते फितीसारखे ताणले गेले होते आणि त्यांच्या जागी नवे, बारीक कण वाढले होते. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर क्वार्ट्‌झ न वितळताच, घन अवस्थेत वाहू लागतो. फेल्डस्पार हट्टी, त्याला याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून एकाच काचेवर तडकलेला फेल्डस्पार आणि त्याला वळसा घालून गेलेला क्वार्ट्‌झ दिसतो. त्यावरून तेव्हाच्या तापमानाचा, पर्यायाने खोलीचा, अंदाज बांधता येतो.

ही हालचाल वर्षाला काही मिलिमीटरची. भूकंपात भ्रंश सेकंदाला मीटरभर वेगाने सरकतो, घर्षणाने खडक वितळतो आणि लगेच गोठतो. मागे उरते स्यूडोटॅकिलाइटची काळी शीर. रिचर्ड सिब्सनने १९७५ मध्ये आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या अशा शिरा प्राचीन भूकंपांशी जोडल्या. पुरावा म्हणून माझ्या मते याच्या तोडीचं भ्रंशात क्वचितच काही सापडतं. कधी ही शीरच पुढे ताणली जाऊन मायलोनाइट झालेली आढळते: आधी धक्का, मग संथ सरक.

असे नमुने कधी जमिनीखालूनही काढावे लागतात. कोयनेत ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे बेसॉल्टखालच्या ग्रॅनाइटी पायात सुमारे ३ किलोमीटरपर्यंत विंधन झालं आहे. पण अशा विंधनविवरांतल्या नमुन्यांत एक अडचण असते. उघड्या कातळावरून खडक काढताना त्यावर आधी दिशेचा बाण रेखतात, कारण मायलोनाइटमधल्या फेल्डस्पारच्या कणांना ताणामुळे आलेल्या शेपट्या कोणती बाजू कुठे सरकली ते सांगतात खऱ्या, पण बाण असेल तरच. विवरातला कोअर, म्हणजे खडकाचा कापून काढलेला दंडगोल, नळीत गोल फिरतो, दिशा हरवते. मग त्याच्या भेगा विवराच्या भिंतीच्या छायाचित्रांशी एकेक करून जुळवत बसावं लागतं.