रात्री दहानंतर वसतिगृहात मोठे माणूस कोण?

बारावीनंतर चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूरची मुले नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगरच्या वसतिगृहांत राहायला जातात. आता बाहेरगावची मुलेही जिल्ह्यात येतात. शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बुलढाण्यात २०२४ मध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रवेश घेताना पालक फी विचारतात, मेस पाहतात. रात्री दहानंतर वसतिगृहात जबाबदार मोठे माणूस कोण असते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

रॅगिंग प्राध्यापकांसमोर क्वचितच होते. ते होते रात्री, सीनियरच्या खोलीत किंवा गच्चीवर, जिथे कोणाचे लक्ष नसते. ‘थोडी गंमत, ओळख होते, मुले धीट होतात’ असे त्याचे समर्थन आजही ऐकू येते. शरीरशास्त्र या समर्थनाला आधार देत नाही.

गंमत जिवावर कशी बेतते?

नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातमधील पाटणजवळच्या धारपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याला सीनियर मुलांनी ‘ओळख परेड’साठी तीन तासांहून अधिक वेळ उभे ठेवल्याची तक्रार झाली. तो बेशुद्ध पडला आणि दगावला. १५ विद्यार्थ्यांवर गुन्हा दाखल झाला.

नुसते उभे राहून काय होते, असे कोणालाही वाटेल. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. न हलता उभे राहिले की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांत साचते आणि मेंदूला रक्त कमी पडते. उपवास, जागरण, भीती यांची भर पडली की भोवळ येते आणि पडताना डोक्याला मार लागू शकतो. एखाद्याला हृदयाचा सुप्त आजार असेल तर धोका आणखी वाढतो.

शेकडो उठाबशांचेही तसेच आहे. सवय नसलेले स्नायू अतिश्रमाने फुटतात आणि त्यांतले प्रथिन रक्तात उतरते. लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जबरदस्तीने खूप पाणी पाजले तर रक्तातले सोडियम घटते, मेंदूला सूज येते, झटके येतात. दारू पाजून ‘झोपू दे, उतरेल’ म्हणणे तर सर्वांत घातक, कारण बेशुद्धावस्थेत उलटी श्वासनलिकेत जाते.

अमेरिकेत ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या विद्यार्थी मंडळांची स्वतःची घरे असतात. नव्या सदस्याची तिथे अशीच ‘परीक्षा’ घेतली जाते. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका नव्या सदस्याला भरपूर दारू पाजली गेली. तो जिन्यावरून पडला. रुग्णवाहिका बोलावली गेली ती जवळजवळ बारा तासांनी, आणि तो वाचला नाही. दुखापत झालीच होती, पण वेळेवर निर्णय घेणारे मोठे माणूस तिथे नव्हते.

कायदा मोठ्यांनाही लागू

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय पाच वर्षे कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. तक्रारीकडे दुर्लक्ष केले तर संस्थाप्रमुखानेच गुन्ह्याला साथ दिली असे कायदा मानतो आणि शिक्षाही तीच. कायद्याचा हा भाग फारसा कोणी वाचत नाही.

मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथे अमन काचरू हा वैद्यकीय विद्यार्थी सीनियर मुलांच्या मारहाणीनंतर दगावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले. वॉर्डन दिवसरात्र फोनवर उपलब्ध हवा, नव्या मुलांची सोय शक्यतो वेगळ्या इमारतीत हवी, पथकाने अचानक तपासणी करायला हवी आणि पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी मुलांकडून निनावी माहिती घ्यायला हवी.

नियम असूनही मे २०१९ मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील डॉ. पायल तडवी यांनी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात जीवन संपवले. तीन सीनियर डॉक्टरांवर जातिवाचक छळाचे आरोप आहेत, प्रकरण न्यायालयात गेले. त्रासाबद्दल वरिष्ठांना आधीच सांगितले होते, असे कुटुंबाचे म्हणणे आहे. मूल बोलते तेव्हा ऐकणाऱ्याने काय केले, यावर पुढचे सारे ठरते.

कोणी काय करावे?

कॅज्युअल्टीत आलेला विद्यार्थी ‘बाथरूममध्ये घसरलो’ म्हणतो आणि सोबतचे दोघे मान डोलावतात. डॉक्टरांनी अशा वेळी सोबतच्यांना बाहेर पाठवून मुलाशी एकट्याने बोलावे. संशय असल्यास एमएलसी नोंदवावी. कोऱ्या चहासारखी लघवी दिसली तर व्यायामाबद्दल आवर्जून विचारावे.

पालकांनी वॉर्डनचा नंबर पहिल्याच दिवशी घ्यावा आणि एकदा रात्री लावून पाहावा. झोप उडणे, जेवण तुटणे, फोन टाळणे, वारंवार पैसे मागणे, सुटीनंतर परत जायला नकार देणे, ही लक्षणे दिसली तर ‘सहन कर, सगळ्यांचेच होते’ असे म्हणू नये. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. मन खचले असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो.

प्राचार्य आणि वॉर्डन यांनी तक्रारीची वाट पाहत बसू नये. नवी मुले पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त घाबरलेली असतात आणि सर्वांत कमी बोलतात. त्या काळात रात्रीची एक फेरी मुलांच्या मजल्यापर्यंत गेलीच पाहिजे. रजिस्टरवरची सही तिची जागा घेऊ शकत नाही.